फेट्यावर फेटा

माझे वडील श्रीगोंद्याच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे आणि घरी आल्यावरही थांबायचे नाहीत. एखादी गोष्ट जरा कमी करायची, तिची धार बोथट करायची, तर इंग्रजीत त्यासाठी ढीगभर क्रियापदं आहेत. ती वाटेल तिथे वापरली की बाबांच्या कपाळाची शीर उडायची. दुखणं रिलीव्ह करायचं, भीती अले करायची, शिक्षा मिटिगेट करायची आणि रागावलेल्या माणसाला मॉलिफाय करायचं. "आधी समोर काय आहे ते बघ, मग क्रियापद काढ," ते म्हणायचे. "पोटदुखीला कुणी मॉलिफाय करत नाही!" चुलीपुढून आई म्हणायची, "पोटदुखीला ववा देत्यात." मॅट्रिकला मला इंग्रजीत बरे मार्क पडले ते या छळामुळेच.

माझं लग्न झालं ते दुष्काळाच्या साली, काष्टीला, आमच्याच दारात. पाणी बैलगाडीवरच्या पिपातून आणलेलं, त्यामुळे नवरीची आंघोळसुद्धा चार तांब्यांत उरकली. मानपानाला मात्र दुष्काळ नव्हता. व्याहीभेटीत माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी माझ्या मामाला स्वतःच्या हाताने फेटा बांधला. सासरे तरुणपणी तालमीत होते आणि तालीम सुटलीय हे अजून कुणी त्यांच्या हातांना सांगितलेलं नव्हतं.

मुहूर्त जवळ आला आणि आत निरोप आला, मामा रुसला. मांडवाबाहेर लिंबाखाली बसलाय, भुवया वर, ओठ घट्ट, कुणाशी बोलत नाही. आमच्यात मामा पाठीशी उभा राहिल्याशिवाय नवरीवर अक्षता पडत नाहीत, आणि मला मामा एकच, कर्जतहून आलेला. आता मुहूर्त टळतो की काय, अशी मला धास्ती पडली.

लग्नात तोंड वाकडं करून बसलेला मामा म्हणजे रुसलेलाच, याबद्दल आमच्याकडे कुणाला शंका येत नाही. आई मानाचा नारळ घेऊन गेली. मामाने नारळ घेतला, "हूं" म्हणाला, उठला नाही. मग दुसरा नारळ घेऊन बाबा निघाले. मी गौरीहरापुढे बसले होते, तिथे डोकावून मला म्हणाले, "मॉलिफाय. दुसरं क्रियापदच नाही." थोड्या वेळाने तसेच परत आले, हातातला नारळ तेवढा कमी झाला होता.

शेवटी सासऱ्यांना वाटलं, आपला फेटाच हलका पडला. बांधलेला मानाचा फेटा उतरवणं म्हणजे अपमान, तेव्हा मान वाढवायचा तर त्याच्यावरच दुसरा चढवायचा. त्यांनी जरीचा फेटा मागवला, मामाच्या पाठीला गुडघा लावला आणि आवळला. मामाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "विरघळला, विरघळला!" लोक म्हणाले. पण मामा काही उठेना.

मग मात्र माझं टाळकं सटकलं. बायका "अगं नवरीनं उठू न्हाई!" म्हणून ओरडत राहिल्या आणि मी मुंडावळ्या सावरत लिंबाखाली गेले. जवळून पाहिलं तर मामाच्या कपाळाची कातडी पार मागे ओढलेली, कान दुमडलेले.

"मामा, डोकं दुखतंय का?"

"हळू बोल, पोरी," मामा पुटपुटला. "मघाधरनं समदी नारळ देत्यात, पर ह्ये कुनी इचारलंच न्हाई. उठाया गेलं की गरगरतंय."

"मग सोडायचा की फेटा!"

"तुज्या सासऱ्यानं बांधलेला? त्यो रागावला आन् उंद्या तुला बोल लावला म्हंजी? माजं डोकं काय, आज दुखंल, उंद्या ऱ्हाईल."

मला हसू आणि रडू एकदमच आलं. मी पदराचा आडोसा धरला, दोन्ही फेट्यांत बोटं घातली आणि सारा जोर लावून पीळ सैल केला. मामाने सोडलेला श्वास मांडवापर्यंत ऐकू गेला असेल. मागून बाबा धावत आले, "काय झालं? राग गेला?"

"राग नव्हताच, बाबा. रिलीव्ह."

बाबांनी कपाळावर हात मारून घेतला.

मामा माझ्या पाठीशी उभा राहिला. दर "सावधान"ला सैल फेटे त्याच्या नाकावर उतरायचे, तो एका हाताने ते वर ढकलायचा, दुसरा हात माझ्या खांद्यावर. सासरे त्या फेट्यांकडे संशयाने बघत होते, पण तोवर अक्षता पडल्या होत्या.

संध्याकाळी मी गाडीत बसले. बाबा चाकाशेजारी उभे होते. भुवया वर, ओठ घट्ट, डोळ्यांत पाणी, एक शब्द बोलेनात. मामाने त्यांच्याकडे निरखून पाहिलं, पुढे झाला आणि त्यांच्या फेट्यात बोटं घातली.

"दाजी, लई आवळलाय का?"

बाबांनी मान हलवली, हो म्हणून. त्यांचा फेटा तर सकाळपासून सैलच होता.