भुजंगरावांची भरणीची प्रेस

कडकोळच्या कारखान्यात तीस वर्षं टूलरूम सांभाळलेले भुजंगराव स्वतःची चूक उघड बोलून दाखवणाऱ्यांतले नव्हेत. घराणं जुन्या म्हैसूर फौजेतलं, वडिलांची बारा बोर बंदूक लायसन्सासकट त्यांच्याकडे आलेली. नात भव्या नेमबाजीत हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्यांवर नेम धरते. रीतसर परवानगी काढून तिच्या सरावाची काडतुसं आजोबाच घरी भरतात.

गेल्या महिन्यात मात्र एका काडतुसात दारू दोनदा पडली. मधेच फोन आला, परत बसले, अन् कुठवर आलो होतो तेच आठवेना. शेवटी एकेकाचं वजन केलं तेव्हा ते काडतूस हाती लागलं. भव्याच्या गालाशी टेकलेल्या बंदुकीत ते फुटलं असतं तर? भुजंगरावांनी कुणाला सांगितलं नाही. बायकोला, शकुंतलाबाईंना, तेवढं कळलं, कारण त्या रात्री ते जेवले नाहीत.

हातभरणीची जुनी अवजारं आता बास, काडतुसं भरायची प्रेस घ्यायची ठरली. लष्कर मोहल्ल्यात शंभूरावांच्या बंदुकांच्या दुकानात दोन प्रेस होत्या. एक फिरत्या थाळीची, दांड्याच्या दर ओढीला एक तयार काडतूस बाहेर. दुसरी साधी, एका ओढीला एकच काम.

मुलगा शरत म्हणाला, "अप्पा, फिरतीच घ्या. तासात काम खलास."

भुजंगरावांनी दांडा ओढून पाहिला. थाळी लोण्यासारखी सरकली. असलं काम पाहिलं की त्यांच्यातला कारागीर विरघळायचा.

"ती साधी तर नवशिक्यांची," शंभूराव हसले. "तुम्ही काय शिकाऊ आहात काय, रायरे?"

भुजंगरावांचा हात दांड्यावरच राहिला. या यंत्रातून काडतूस तोंड मिटूनच बाहेर येणार. आत काय पडलं ते कोण बघणार?

"साधी बांधा," ते म्हणाले.

"का हो अप्पा?"

"मी विसरतो, शरता. मागल्या महिन्यात एका काडतुसात दोनदा घातली दारू. हिच्यात काडतुसांच्या सगळ्या पुंगळ्या उघड्या मांडता येतात. तोंड मिटायच्या आधी दुसऱ्या कुणाला बघता येतात."

शंभूरावांनी खोकं काढलं.

रविवारी सकाळी पन्नास पुंगळ्या पाटावर मांडल्या, दारू घातली. भुजंगराव बाजूला सरकले. "बघ गं जरा."

शकुंतलाबाईंनी चष्मा लावला. इडलीच्या साच्यात पीठ कमीजास्त पडलं की ज्या डोळ्यांना कळतं, तेच डोळे एकेका पुंगळीत डोकावत गेले.

"अय्यो, हिच्यात बगा. जास्तच भरली आहे की."

भुजंगराव वाकले. खरंच. दुप्पट.

त्यांनी ती पुंगळी डब्यात रिकामी केली. मग शेजारची. मग तिच्या शेजारची.

"सगळ्या कशाला हो? एकच चुकली नव्हे?"

"दारू मी घालायची नाही आता," ते म्हणाले. "तू घाल. मी दांडा ओढतो."

"मला नाही येत असलं काही."

"शिकवतो की. बस इथं."

शकुंतलाबाईंनी पदर खोचला नि मापाचा चमचा उचलून विचारलं, "किती?"

भुजंगरावांनी सांगितलं. मग वहीत पाहून खात्री केली, आणि पुन्हा एकदा सांगितलं.