पलीकडचे ग्लास

आमच्या देशाचं परराष्ट्र धोरण माझ्या दुकानात ठरतं. खुर्च्या दोन, आरसा एक आणि कोपऱ्यात टीव्ही. गालाला साबण लागला की गिऱ्हाइकाला जगातले सगळे तंटे सोडवायची घाई होते. मी न्हावी आहे, मान डोलवणं हा धंद्याचा भाग. पण मी नुसती मान डोलवत नाही. माझी जीभ वस्तऱ्यापेक्षा जास्त चालते, आणि शेजारच्या देशाचा विषय निघाला की मला आवरणं माझ्या ताईलाही जमलेलं नाही.

या विषयावर माझ्या दुकानात चकार शब्द न काढणारं गिऱ्हाईक एकच होतं, ते म्हणजे ताईचा नवरा, माझे भावोजी. आणि गंमत अशी, की शेजारच्या देशाशी रोज सकाळी बोलणारा आमच्या गावातला तो एकटाच माणूस.

भावोजी गॅसच्या पाइपलाइनवर होते. गावाबाहेर, सीमेच्या जरा अलीकडे त्यांचं स्टेशन. आमच्या देशातला गॅस जाडजूड नळातून तिथे यायचा, तिथे त्याचा दाब वाढवायचे आणि मग तो पलीकडे जायचा. पलीकडे तसंच स्टेशन, तशीच खोली, तसाच एक माणूस. मधल्या पट्ट्यात दोन्ही सैन्यांनी सुरुंग पेरून ठेवलेले, त्यामुळे तिथे नळ तपासायला कुणी जात नसे. मग नळ धड आहे की कुठे गळतोय हे कळायचं कसं? तर रोज सकाळी भावोजी फोन उचलायचे आणि इकडून किती दाबाने सोडला ते सांगायचे. पलीकडचा माणूस तिकडे किती पोचला ते सांगायचा. आकडे जुळले की दोघांचाही दिवस सुरू. त्या फोनला नंबर नव्हता. उचलला की थेट पलीकडच्या टेबलावर वाजायचा, दुसरीकडे कुठेही लागायचा नाही.

"काय पाहुणे, पोचला का?"

"पोचला. पण तुमच्याकडून येताना जरा दमलाय."

हा विनोद दोघांना वर्षानुवर्षं पुरला. एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं, पण दोघं एकमेकांना पाहुणे म्हणायचे. भाषा दोन्हीकडे एकच, शिव्या तेवढ्या वेगळ्या. पाहुण्यांचा गुडघा दुखतो, पाहुण्यांच्या मुलीचं लग्न झालं, जावयाला काचेच्या कारखान्यात नोकरी लागली, हे सगळं आमच्या घरात ठाऊक होतं. ताई तर जेवायला वाढताना विचारायची, "आज पाहुण्यांचा गुडघा काय म्हणतोय?"

पाहुण्यांचं गाव त्या काचेच्या कारखान्यावर जगायचं आणि कारखाना आमच्या गॅसवर. एकदा पाहुण्यांनी सीमेवरून माल नेणाऱ्या एका ट्रक ड्रायव्हरबरोबर तिथले ग्लास पाठवले. पाण्याचे साधे ग्लास, पण बुडाला जाड, हातात धरल्यावर भरवशाचे वाटणारे. ताई ते कपाटात ठेवायला निघाली तर भावोजी म्हणाले, "बघायला नाही पाठवले त्यांनी, प्यायला पाठवलेत." तेव्हापासून त्या घरात पाणी त्याच ग्लासांतून.

भावोजींचा आणखी एक गुण सांगायला हवा, म्हणजे ताईच्या मते अवगुण. त्यांना खोटं बोलता यायचं नाही. जुनी स्कूटर विकायला काढली तेव्हा बघायला आलेल्या माणसाला त्यांनी तिचे सगळे आजार इतक्या तपशिलाने सांगितले, की तो बिचारा घाबरून निघून गेला. ती स्कूटर शेवटी माझ्या गळ्यात पडली. मी एकदा त्यांचे केस कापून "कसे झालेत?" म्हणून कौतुकाने विचारलं, तर भरल्या दुकानात म्हणाले, "डावीकडून वाकडे आहेत." होते वाकडे, पण असं बोलतात का?

मग दोन्ही सरकारांचं बिनसलं. पलीकडच्यांनी आपल्या बंदरात भलत्याच देशाच्या लढाऊ जहाजांना जागा दिली. आमचे म्हणाले, हे तर आमच्या उंबऱ्यावर येऊन बसणं झालं. त्यांनी आमच्या धान्यावर कर वाढवला, आमच्यांनी गॅसचा दर वाढवला. माझ्या दुकानात तर रोज युद्ध पेटायचं आणि दाढी होईपर्यंत आम्ही ते जिंकायचो. शेवटी कुठल्याशा तिसऱ्या शहरात बोलणी ठरली, आणि ती नेमकी ऐन थंडीत.

बोलण्यांच्या आदल्या दिवशी मुख्य कार्यालयातून साहेब भावोजींच्या खोलीत येऊन बसले. हे सगळं मला पुढे भावोजींनीच सांगितलं. साहेबांनी चहा घेतला, हीटरपुढे हात शेकले आणि म्हणाले, "उद्या सकाळी पुरवठा बंद करायचा. पलीकडे सांगायचं, दुरुस्ती आहे, संध्याकाळपर्यंत होईल. आधी कळलं तर ते दुसरीकडून सोय करतील, मग आपल्या हातात काय उरलं?"

भावोजींनी साहेबांचा रिकामा कप उचलला. साहेब म्हणाले, "तुमच्या शब्दावर त्यांचा भरवसा आहे म्हणे. देशाला त्याचा उपयोग होऊ द्या."

सकाळी साहेब समोरच खुर्ची टाकून बसले होते. भावोजींनी फोन उचलला.

"पाहुणे, आज दुरुस्ती आहे. बंद करतोय."

"किती वेळ?"

"संध्याकाळपर्यंत."

पाहुणे म्हणाले, "नक्की ना? काचवाल्यांचं राखीव तेल संध्याकाळपर्यंत जेमतेम पुरेल. त्यापुढे भट्टी गार झाली तर आतला काचेचा रस दगड होतो हो, मग भट्टी फोडण्यावाचून इलाज नाही. वेळ लागणार असेल तर आत्ताच रस बाहेर काढायला सांगतो त्यांना. सगळा माल वाया जाईल, पण भट्टी तरी वाचेल. सांगू का?"

भावोजींनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मानेनेच नाही म्हटलं.

"नको," भावोजी म्हणाले. "संध्याकाळपर्यंत येतो गॅस."

"तुम्ही म्हणताय म्हणजे झालं," पाहुणे म्हणाले आणि फोन ठेवला. पुन्हा म्हणून विचारलं नाही.

नळ बंद करायला मोटर आहे, पण शेवटी तो घट्ट बसवायला चाक हातानेच फिरवावं लागतं. ते भावोजींनी फिरवलं.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे दाढीला आले. टीव्हीवर बातमी होती, पुरवठा तोडला, पलीकडे थंडीने हाहाकार, आमचं शिष्टमंडळ ठाम. दुकानात जल्लोष. कोणीतरी म्हणालं, आता येतील नाक घासत. आणि मी, हातात वस्तरा घेऊन, मोठ्याने म्हणालो, "बरी जिरवली! कुडकुडू देत चार दिवस, मग कळेल." शेजारच्या खुर्चीतल्याने टाळीसाठी हात पुढे केला. मी दिली टाळी.

मग भावोजींची हनुवटी वर केली आणि गळ्याला वस्तरा लावला. त्यांचा कंठ खालीवर होत होता. "हलू नका हो, कापेल," मी म्हणालो. त्यांनी डोळे मिटले होते आणि डोळ्यांच्या कडेने पाणी कानाकडे चाललं होतं. मला वाटलं, साबण गेला. मी टॉवेलच्या टोकाने पुसलं आणि पुन्हा टीव्हीकडे वळलो.

मग एक दिवस ताई दुकानात आली. बायका सहसा येत नाहीत माझ्याकडे, म्हणून दारातच थांबली. "अरे, हे हल्ली ग्लासातून पाणी पीत नाहीत. मोरीतल्या नळाला ओंजळ लावतात, लहान पोरासारखी. विचारलं तर तोंड फिरवतात."

"म्हातारे झाले, ताई," मी थट्टा केली. "आता पाळणा आण."

ती हसली नाही.

त्यानंतर करार झाला. दोन्हीकडचे पुढारी टीव्हीवर हसत हसत हात मिळवत होते. गॅसचा दर थोडा इकडे, धान्यावरचा कर थोडा तिकडे, जहाजांचं पुढे बघू. माझ्या गिऱ्हाइकांनी आपण जिंकलो असं जाहीर केलं. गॅस सुरू झाला.

त्याच दिवशी दुपारी दुकान रिकामं असताना भावोजी आले. खुर्चीत बसले, पण मी कापड पांघरायला लागलो तर त्यांनी माझा हात धरला आणि सगळं सांगितलं. साहेब, चहा, दुरुस्ती, भट्टी.

"बंद केल्यापासून साहेबांनी फोनही तोडून ठेवला होता. आज सकाळी लावला," ते म्हणाले. "पाहुणेच होते. म्हणाले, भट्टी गेली. वाट बघत राहिले रे सगळे संध्याकाळपर्यंत. मग तेल संपलं. आतला रस थिजला आणि भट्टीला खालपासून वरपर्यंत तडे गेले. नवी बांधायची ऐपत नाही, कारखाना बंद. जावयाची नोकरी गेली, अख्ख्या गावाची गेली. लोक त्यांना विचारतात, तुला माहीत कसं नव्हतं? तर पाहुणे त्यांना काय म्हणाले ठाऊक आहे? म्हणाले, तिकडच्या माणसालाही माहीत नव्हतं. आणि मग मला विचारलं, तुम्हाला माहीत नव्हतं ना, पाहुणे?"

"मग?"

"मी म्हणालो, नव्हतं."

मी हातातलं कापड बाजूला ठेवलं. भावोजी आरशात बघत नव्हते, स्वतःच्या हातांकडे बघत होते.

"पहिलं खोटं माझ्याकडून वदवून घेतलं. हे दुसरं माझं मी बोललो. साहेब नव्हता, कुणीच नव्हतं खोलीत. ते विचारत होते आणि मला नुसतं 'होतं' म्हणायचं होतं. लाज वाटते रे. घरात त्या ग्लासांसमोरसुद्धा उभं राहवत नाही."

मला माझी टाळी आठवली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. "उद्या सकाळी सांगून टाका," मी म्हणालो.

"उद्या सांगतो," ते म्हणाले.

रोज सकाळी ते तोंड उघडायचे, आकडे सांगायचे आणि फोन ठेवायचे. दमल्याचा विनोद कुणीच करत नव्हतं. आणि एक दिवस पलीकडून एका मुलीचा आवाज आला. तिने आकडा वाचला. भावोजींनी विचारलं, पाहुणे कुठे आहेत? ती म्हणाली, "त्यांना काढलं. गावाने तक्रार केली, वेळेवर सांगितलं नाही म्हणून." तो फोन त्या टेबलापलीकडे कुठेही लागत नाही, हे मी आधी सांगितलंच आहे.

थंडी सरत आली होती तेव्हा तो ट्रक ड्रायव्हर माझ्या दुकानात केस कापायला आला. काखेत खोका. खुर्चीत बसता बसता त्याने भावोजींचं घर विचारलं. मी शेजारच्या दुकानदाराला धाडून त्यांनाच बोलावून घेतलं.

"कारखान्याचा उरलासुरला माल," ड्रायव्हर खोका देत म्हणाला. "आता तिथे काही बनत नाही. तुमचे पाहुणे म्हणाले, एवढ्या वर्षांत तुमच्या घरातला एखादा फुटला असेल."

"कसे आहेत ते?" भावोजींनी विचारलं.

"कसे असणार? गावात कुणी बोलत नाही त्यांच्याशी. जावई कामाच्या शोधात लांब गेलाय. पण तुमच्याबद्दल एक वाकडा शब्द कुणाला काढू देत नाहीत. परवा चौकात भांडले एकाशी. म्हणाले, त्या माणसाला खोटं बोलताच येत नाही."

भावोजी शेजारच्या खुर्चीत बसले. त्यांनी खोका मांडीवर घेतला, दोरी सोडली आणि कागदात गुंडाळलेला एकेक ग्लास बाहेर काढायला लागले. उजेडात धरायचे, कड बोटाने चाचपायचे आणि माझ्या फणीकात्रीशेजारी ठेवायचे. मी ड्रायव्हरचे केस कापत राहिलो, पण माझं सगळं लक्ष त्यांच्याकडे होतं. मनात म्हणत होतो, बोला भावोजी, आता तरी बोला.

"झालं का?" ड्रायव्हरने मला विचारलं आणि मान पुसत उठला. मग भावोजींना म्हणाला, "संध्याकाळी पलीकडे पोचेन, त्यांच्याच दारावरून जायचंय. काही निरोप?"

टीव्ही बंद होता. भावोजींचे ओठ हलले. हातात शेवटचा ग्लास होता, तो त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. मी सांगू शकलो असतो. मला सगळं माहीत होतं, आणि एरवी माझी जीभ कुठे थांबते?

"सांगा त्यांना," भावोजी म्हणाले, "नीट पोचले. एकही फुटला नाही."

"सांगतो," ड्रायव्हर म्हणाला. मी त्याच्या कॉलरवरचे केस झटकले आणि दार उघडून दिलं.