भिंतीतले सात धक्के

कॅनडातल्या थंडर बे शहरातल्या सार्वजनिक तरण तलावाचं पंपघर इर्या नुर्मेला सव्वीस वर्षं सांभाळत होती. तिथली जुनी मोटर चोवीस तास एकाच वेगाने पळायची, आणि पाणी जोरात येतं म्हणून पुढचा व्हॉल्व्ह अर्धा बंद ठेवलेला असायचा. इर्याला ते बघवत नसे. "गाडी पूर्ण वेगात सोडायची आणि वर ब्रेक दाबून बसायचं, हा कुठला शहाणपणा?" असं ती पालिकेतल्या प्रत्येक नव्या साहेबाला सुनवायची. सहा वर्षं सुनावल्यावर कुठे मोटरचा वेग हवा तसा कमी-जास्त करणारी पेटी भिंतीवर लागली. वेग पाव हिश्शाने उतरवला की वीज निम्म्याहूनही कमी लागायची! इर्याने त्या दिवशी तलावावरच्या सगळ्यांना गुलाबी साखरेचा थर दिलेले, तिथले आवडते पर्शियन बन वाटले.

सकाळी पोहणारे थोडे, म्हणून तिने सकाळचा वेग बराच खाली आणून ठेवला.

त्या थोड्यांत पहिला असायचा ओरेस्ट डॅनिलुक. उभा जन्म धान्याच्या कोठारांवर गेलेला, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. तो भिंतीला लागून सरळ रेषेत पोहायचा, कुणाची मदत न घेता. नवी पेटी लागून चार दिवस झाले आणि त्याचं कपाळ समोरच्या भिंतीवर आपटलं. लाइफगार्ड बर्नाडेटने जखमेवर पट्टी लावली. "लक्ष नव्हतं माझं," एवढंच तो म्हणाला. नंतर आठवडाभर फिरकलाच नाही.

इर्या वेलदोड्याचा पाव घेऊन त्याच्या घरी गेली.

"ये, इर्याबाई. मी मेलो का बघायला आलीस?"

"मेला असतात तर पाव वाया गेला असता. पोहायला का येत नाही?"

ओरेस्टने बराच वेळ पाव चघळला. मग म्हणाला, "भिंतीतून पाणी येतं ना, त्याचे खांद्याला धक्के बसायचे. इकडून तिकडे जाताना सात. सातवा लागला की हात पुढे करायचा. आता लागतच नाहीत."

"इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तू विचारलंस कधी?"

इर्याचा चेहरा उतरला. ज्या पेटीसाठी ती सहा वर्षं भांडली, तिनेच या माणसाची वाट पुसली होती.

दुसऱ्या दिवशी तलाव उघडण्याआधी तिने पंपघराचं दार उघडं ठेवून बर्नाडेटला पेटीपाशी उभं केलं, स्वतः पोहायचे कपडे घातले आणि डोळ्यांवर टॉवेल बांधून पाण्यात उतरली. अकरा वर्षांत ती या पाण्यात उतरली नव्हती. पहिल्या खेपेला ती तिरकी जाऊन मधल्या दोरीत अडकली.

"वाढव!" ती ओरडली.

"किती?"

"मी गप्प बसेपर्यंत!"

बर्नाडेट वेग वाढवत गेली. पाचव्या खेपेला डाव्या खांद्याला पाण्याने ढकललं. इर्याने एक, दोन, तीन मोजत सातव्याला हात पुढे केला. बोटं समोरच्या भिंतीला टेकली. डोळ्यांवरचा टॉवेल तसाच ठेवून ती दुसऱ्यांदा गेली, मग तिसऱ्यांदा. खात्री पटल्यावरच बाहेर आली आणि सकाळी साडेसहा ते साडेसात, ओरेस्टच्या वेळेपुरता तो वेग तिने पेटीत बसवला.

इर्याचा निरोप मिळाल्यावर सोमवारी ओरेस्ट आला. पहिल्या खेपेला जपून गेला, सातव्याला हात लावला आणि वळून आरामात परत निघाला. काठावर उभ्या इर्याने डोळे पुसले. क्लोरीन फार झालंय, असं बर्नाडेटला उगाच सांगितलं.

महिन्याने पालिकेतल्या वीजबचत विभागातून डर्कचा फोन आला. "इर्या, रोज साडेसहाला वापर चढतो. त्या वेळी गर्दी असते का?"

"नाही. एक माणूस असतो."

"एक?"

खोटं बोलणं तिला जमत नसे. तिने सगळं सांगून टाकलं आणि ओरडा खायची तयारी ठेवली.

पलीकडून खोकल्याचा आवाज आला. "रोज येतो का तो?"

"मंगळवार सोडून. मंगळवारी चर्चमध्ये बायकांबरोबर पेरोगीच्या करंज्या वळतो."

"मग मंगळवारी वेग उतरव. बाकी राहू दे तसंच."

तिने ओरेस्टला ते सांगितलं, तर तो म्हणाला, "आणि त्या बायकांनी एखाद्या मंगळवारी हाकलून दिलं तर?"

"मला फोन करा. तुम्ही कपडे बदलेपर्यंत वेग चढवते."