सालीत रंगवलेले पॅड

माझ्या हॉकीच्या कारकिर्दीला मुशीच्या तेलाचा वास आहे. मुशी म्हणजे लहान शार्क मासा. तिच्या काळजाचं तेल आमच्या खारदांड्याला, मुंबईतल्या कोळीवाड्यात, होडीच्या फळ्यांना चोळतात, म्हणजे लाकूड पाणी पीत नाही. हा वास एकदा हाताला लागला की साबणाची वडी संपते, वास संपत नाही. चौदा वर्षं मी कंपनीच्या गोलात उभा राहिलो आणि चौदाही वर्षं समोरच्या संघाचे फॉरवर्ड माझ्याजवळ आले की नाक मुरडायचे. मला त्याचा अजून अभिमान आहे.

शाळेत मास्तरांनी माझी उंची बघून मला गोलात उभं केलं आणि स्वभाव बघून तिथेच ठेवलं. पुढे खेळवलं असतं तर मी रोज कुणाच्या तरी नडगीवर स्टिक हाणली असती, इतका मी चिडका. मॅट्रिकनंतर मरोळच्या एका कारखान्यात पॅकिंगमध्ये टेम्पररी लागलो. साठचं दशक तेव्हा सरत आलं होतं. कारखान्याचा हॉकी संघ होता, तो ऑफिसांच्या लीगमध्ये खेळायचा आणि संघात ज्याची जागा पक्की, त्याची नोकरीही पक्की. त्या वर्षी गोलकीपरची एकच जागा रिकामी होती आणि उमेदवार आम्ही दोघं. दुसरा जोगेश्वरीचा, स्टोअर्समधला, माझ्यासारखाच टेम्पररी. त्याचे वडील सरकारी कचेरीत हेडक्लार्क. भांग पाडल्याशिवाय तो मैदानावर उतरायचा नाही.

निवड करणार होते यंत्रविभागाचे स्विस साहेब. हा माणूस त्याच्या देशात बर्फावरची हॉकी खेळायचा, तीही पगार घेऊन. सुरुवात गावाखालच्या गोठलेल्या तळ्यावर, मग शहरातल्या क्लबात. तोही गोलकीपरच. समोरचे चार दात खोटे होते आणि जिना चढताना उजवा गुडघा कटकट वाजायचा. दात चेंडूने नेले असतील असं मी म्हटलं, तर त्याने सांगितलं की तिथे चेंडू नसतो, रबराची चकती असते, आणि ती चेंडूपेक्षा वाईट लागते. त्याच्या संघाने एकदा देशाची लीग जिंकली होती. त्या दिवसाचा फोटो त्याच्या टेबलाच्या काचेखाली होता. फोटोत त्याच्या पायांवर गाद्यांएवढे चामड्याचे पॅड होते. गुडघा गेला, खेळ संपला, म्हणून तो यंत्रं शिकला आणि आमच्याकडे आला. संध्याकाळी कारखान्यामागच्या मुरमाच्या मैदानावर तो मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा. गोलात उभा राहू नकोस, पुढे ये, मारणाऱ्याला जागाच दिसता कामा नये. मी गोलरेषा सोडायला भ्यायचो. तो ओरडायचा, मी चिडायचो आणि चिडलो की पुढे जायचो. त्याने ते बरोबर ओळखलं होतं.

हे सगळं मी एकदा घरी सांगितलं. माझे बाबा तांडेल, म्हणजे होडीचे मुख्य. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बर्फ म्हावऱ्यावर टाकतान. त्यावर नाचतान कशाला?" म्हावरं म्हणजे मासळी. बाबांचं म्हणणं सरळ होतं. होडीवर एक माणूस कमी पडत होता आणि घरातला सहा फुटांचा मुलगा गोलात बॉल अडवत बसला होता. त्यांनी मला मुदत दिली. नारळी पौर्णिमेला समुद्रात नारळ पडायच्या आत पक्क्या नोकरीचा कागद दाखवायचा, नाहीतर मुकाट्याने होडीवर चढायचं. मला होडी लागते, चढलो की ओकाऱ्या सुरू होतात. कोळ्याच्या पोराला होडी लागते हे सांगायची लाज वाटायची, म्हणून मी ते कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. आईला मात्र माहीत होतं.

साहेबांनी निवडीचा सामना श्रावणातल्या एका रविवारी ठेवला, पौर्णिमेच्या चार दिवस आधी. गुरुवारी मी कंपनीचे पॅड घरी आणले, कारण एकाचा पट्टा उसवला होता आणि जाळं शिवणाऱ्या माझ्या आईइतका पक्का टाका कारखान्यात कुणाचाच नव्हता. पॅड कॅनव्हासचे, आत कापूस आणि वेताच्या काड्या, वरून पांढरे शुभ्र. ते आईला दिले आणि शुक्रवार-शनिवार मी जादा पाळी केली.

आमच्याकडे श्रावण म्हणजे जाळी रंगवायचे दिवस. तेव्हा जाळी सुताची असत. होड्या समुद्रात जायच्या आधी बायका अंगणात भट्टी लावायच्या, मोठ्या हंड्यात ऐनाच्या झाडाची साल उकळायच्या आणि त्या लाल-काळ्या पाण्यात जाळी बुडवून वाळवायच्या. असं केलं की खाऱ्या पाण्यात सूत कुजत नाही. शनिवारी संध्याकाळी मी घरी आलो तर अंगणात जाळी वाळत होती आणि जाळ्यांच्या मधोमध, बांबूला उलटे टांगलेले, कंपनीचे पॅड. लालभडक. हात लावला तर फळीसारखे कडक. आणि वास. आई रंगावर थांबली नव्हती, होडीसाठी काढलेलं मुशीचं तेलही तिने त्यांना दोन हात चोळलं होतं.

मी काय काय बोललो ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. "आये, वाट लावलीस माझी," हे त्यातल्या त्यात बरं वाक्य. कंपनीचा माल, उद्या सामना, आता मी कुठल्या तोंडाने जाऊ, असं मी अख्ख्या आळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ओरडलो. आई हंडा घासत होती. तिने मान वर केली आणि म्हणाली, "चार म्हयने समुद्रात टिकतंय जाळं. पायाला बांधलं तं काय व्हनार हाय?" मग ती परत हंडा घासायला लागली. तिचे हात कोपरापर्यंत लाल होते. मी न जेवता झोपलो.

रविवारी मैदानावर माझं जे स्वागत झालं ते सांगायला नको. कॅप्टनने विचारलं की मी पॅड आणलेत की सुका जवळा. जोगेश्वरीवाला माझ्यापासून दहा पावलं लांब जाऊन पॅड बांधायला बसला. साहेब मात्र सरळ माझ्यापाशी आले, वाकले आणि दाराची कडी वाजवावी तसं पॅडवर बोटांनी वाजवलं. टक टक आवाज आला. त्यांनी वास घेतला आणि हे कुणी केलं ते विचारलं. मी मान खाली घालून आईचं नाव पुढे केलं. ते शिट्टी वाजवायला निघून गेले. मला वाटलं, संपलं. आता होडीच.

संघाचे दोन भाग केले होते. एका गोलात तो, दुसऱ्यात मी. पहिल्या पाच मिनिटांतच मी घाबरून रेषेवर चिकटून राहिलो आणि गोल खाल्ला. साहेबांनी लांबून दोन्ही हातांनी मला पुढे ढकलल्यासारखी खूण केली. मग सर आली. श्रावणातली सर, दहा मिनिटांत मैदानाचं तळं. लोक थांबायला बघत होते, पण साहेबांनी खेळ चालूच ठेवला.

आणि मग गंमत सुरू झाली. जोगेश्वरीवाल्याचे पांढरे पॅड पाणी प्यायले. प्रत्येक पाय त्याला दोन्ही हातांनी उचलावा लागेल असं दिसत होतं. बॉल येऊन त्या ओल्या गादीवर आपटायचा आणि तिथेच पायाशी पडायचा, मग कुणीही येऊन तो आत ढकलायचा. माझ्या पॅडवरून पाणी ओघळून जात होतं. बॉल लागला की ठण्ण आवाज करून थेट डीच्या, म्हणजे गोलासमोरच्या अर्धवर्तुळाच्या, बाहेर उडायचा, फॉरवर्ड रिकाम्या जागेवर स्टिक फिरवत राहायचा. दोनदा असं झाल्यावर माझी भीड चेपली. तिसऱ्या वेळी कॅप्टन एकटाच बॉल घेऊन आला, तोच सुका जवळा म्हणणारा. मी चिडून गोल सोडला आणि धावत त्याच्या अंगावर गेलो. त्याने जोरात मारलेला बॉल माझ्या उजव्या पॅडला लागून अर्ध्या मैदानापर्यंत गेला. मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की बाहेरच्या रस्त्यावरचा बसचा कंडक्टर वाकून बघायला लागला. शेवटी माझ्यावर एकच गोल होता, त्याच्यावर चार.

खेळ संपल्यावर साहेब पाण्यातून चालत आले. त्यांनी सांगितलं की त्यांची आई त्यांच्या चामड्याच्या पॅडना गाईची चरबी चोळायची, बर्फाचं पाणी आत मुरू नये म्हणून, आणि ड्रेसिंगरूममध्ये त्यांच्या शेजारी कुणी बसायचं नाही. मग ते खोटे दात दाखवत खूप वेळ हसले. बुधवारी दुपारी माझ्या हातात पक्क्या नोकरीचा कागद पडला.

गुरुवारी पौर्णिमा होती. बाबांनी कागद उलटसुलट करून पाहिला, घडी घालून खिशात ठेवला आणि मिरवणुकीत समुद्राला द्यायचा नारळ माझ्या हातात दिला. तो दरवर्षी ते स्वतः सोडायचे. मी गुडघाभर पाण्यात जाऊन नारळ सोडला तेव्हा मला रडू आलं, आणि ते कुणापासून लपवावं असंही वाटलं नाही.

घरी आल्यावर मी आईपाशी गेलो. माफी मागायची होती, पण मला ते नीट कधी जमलेलं नाही, म्हणून सामन्याची सगळी हकीकतच सांगत सुटलो. जोगेश्वरीवाल्याच्या फजितीचं मी जरा तिखटमीठ लावून सांगितलं. आई हसेल असं वाटलं होतं.

"रंग गेला नाय ना?" तिने विचारलं.

"थेंबभर पण नाय."

"आनि त्याचे भिजले?" तिने कोपऱ्यातल्या सालीच्या ढिगाकडे पाहिलं. "मंग त्याचे पन आन. साल उरलीय."

मी दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे पॅड मागितले. त्याला आधी थट्टा वाटली. मग त्याने नाक धरून दिले. तो माझ्या हाताखाली राखीव गोलकीपर राहिला, पुढच्या वर्षी त्याचीही नोकरी पक्की झाली, आणि ज्या मोसमात माझं बोट मोडलं त्या मोसमात लीगचा कप त्याने आणून दिला. चौदा वर्षांतले बाकीचे तीन कप मी. साहेब मायदेशी परतले तेव्हा आईने त्यांना बाटलीभर मुशीचं तेल दिलं होतं. ते त्यांनी विमानातून कसं नेलं असेल, देव जाणे.

सत्तरच्या दशकात नायलॉनची जाळी आली. त्यांना साल लागत नाही, तेल लागत नाही. दांड्यातल्या भट्ट्या एकेक करून विझल्या, हंडे मोडीत गेले. आमचा हंडा आईने ठेवला होता. दर श्रावणात ती चार दिवस आधी साल भिजत घालायची, अंगणात एकटीच भट्टी लावायची आणि पॅडचे दोन जोड रंगवायची, एक माझा आणि एक त्याचा. मी खेळणं सोडलं त्या वर्षी श्रावण लागला तसं तिने मला विचारलं, आता गोलात कोण उभं राहतं. नवा मुलगा आहे, म्हटलं, भांडुपचा.

"त्याला सांग, आनून दे," ती म्हणाली, आणि साल भिजत घालायला उठली.