कोरड्या घरातली ऑर्किडं

त्यांना सगळे ओलवाले म्हणत. खरं तर ओल घालवणं हा त्यांचा धंदा. पण दात उपटणाऱ्यालाही लोक दातवालाच म्हणतात, त्यातलीच गत. छत गळो, तळघर झिरपो, न्हाणीघराच्या पलीकडच्या भिंतीला लोणा लागो, लोक आधी शेजाऱ्याला दोष देत, मग भिंतीला रंग देत, आणि रंगाचे पोपडे निघायला लागले की ओलवाल्यांना बोलावत. ते येत, भिंतीला तळहात लावून डॉक्टरसारखे गप्प उभे राहत आणि म्हणत, "ही आजची नाही."

त्यांचं स्वतःचं घर मात्र खडखडीत कोरडं. बाहेरच्या खोलीत हवेतलं पाणी ओढून घेणारं एक यंत्र दिवसभर घुरघुरत असे. त्याची बादली रोज सकाळी बेसिनमध्ये ओतताना ओलवाल्यांच्या चेहऱ्यावर चोर पकडल्याचं समाधान दिसे. नवं गिऱ्हाईक आलं की ते त्याला खिडकीशेजारच्या भिंतीपाशी न्यायचे. "हात लावून बघा." गिऱ्हाईक हात लावायचं. भिंत कोरडी असायची. काम तिथंच ठरायचं.

"आमच्याकडे आल्यागेल्याला आधी पाणी नाही विचारत," त्यांची बायको म्हणायची. "आधी भिंत." तिच्या टाचांना बारमाही भेगा. "जगातल्या भिंतींच्या भेगा बुजवतो हा माणूस, एवढ्या दोन तेवढ्या राहिल्या."

या घरात ताई राहायला आली.

ताई म्हणजे ओलवाल्यांची थोरली बहीण. आई लवकर गेलेली आणि वडील असून नसल्यासारखे, त्यामुळे ओलवाल्यांना हिनंच वाढवलेलं. त्यापायी स्वतःचं लग्नही उशिरा केलं. आता नवरा गेला, गुडघे गेले, आणि जुन्या घराचा जिना तेवढा जागेवर राहिला. भाऊ म्हणाला, चल. ती दोन पिशव्या आणि ऑर्किडच्या नऊ कुंड्या घेऊन निघाली. कुंड्या गाडीत पुढच्या सीटवर बसल्या, ताई मागे.

तिचं जुनं घर इतकं ओलं होतं की कपाटातल्या चपलांना मिशा फुटायच्या. ओलवाले दर भेटीत त्या भिंतींकडे असे बघत, जसा न्हावी वाढलेल्या केसांकडे बघतो. कितीदा म्हणाले, फुकट करून देतो. ताईचं एकच उत्तर: "माझ्या भिंतीला हात लावलास तर याद राख, लहान्या." त्यांना वाटायचं, म्हातारपणचा हट्ट. कारण आता कुंड्या उतरवताना कळलं. कुंडीत माती नव्हतीच. नुसते झाडाच्या सालीचे तुकडे, आणि निम्मी मुळं कुंडीबाहेर लोंबकळत.

"ही मुळं बाहेर काय करतात?" बायकोनं विचारलं.

"हवेतली ओल पितात."

"मग आमच्याकडे उपासच की हो, वन्सं."

ते खरं ठरलं. आठवड्याभरात मुळं कागदासारखी पांढरी पडली. तीन झाडांना कळ्या होत्या. त्या पिवळ्या पडून एकेक गळू लागल्या. ताई रोज सकाळी गळालेली कळी तळहातावर ठेवून जेवणाच्या टेबलाशी यायची, तक्रार करायची नाही, नुसती कळी बशीच्या कडेला ठेवून चहा प्यायची.

मग एके सकाळी म्हणाली, "तो वृद्धाश्रम आहे बघ, माझी मैत्रीण राहते तो. तिथं काचेचा व्हरांडा आहे. सकाळी काचेवर दव असतं म्हणे."

ओलवाल्यांनी कप खाली ठेवला. "म्हणजे?"

"म्हणजे दव असतं. एक खोली रिकामी आहे. महिनाअखेरपर्यंत थांबतील ते. झाडं इथं रुळली तर प्रश्नच नाही. नाही रुळली, तर मी त्यांना घेऊन जाते. इतकी वर्षं वाढवलीत, अशी वाळताना नाही बघवत."

ओलवाल्यांना म्हणायचं होतं, मलाही वाढवलंस, माझ्यासाठी राहा. पण तसं बोलायची त्या घराला सवय नव्हती. ते म्हणाले, "बघतो काहीतरी." हे वाक्य ते गिऱ्हाइकांनाही म्हणत. ते उठले आणि यंत्र बंद केलं. खोलीत अशी शांतता पसरली की बायको स्वयंपाकघरातून धावत आली. "काय झालं? कोण गेलं?"

मग त्यांनी कामाची पेटी उघडली. हवेतली ओल मोजायचं मीटर काढलं. काटा तिशीच्या आसपास. ताईच्या मते साठ तरी हवं. साठच्या वर काटा गेला की लगेच फोन करा, असं ते गिऱ्हाइकांना सांगत. सवयीनं त्यांनी भिंतीत टोचायचं दुसरं मीटरही काढलं आणि एका जाड पानात टोचलं.

"अरे, ते पान आहे!" ताई ओरडली.

"आत ओल भरपूर आहे," ते म्हणाले. "बाहेर नाही."

"ते मला तोंडानं सांगता येत होतं. भोकं कशाला पाडलीस?"

ओल जमिनीतून वर चढते हे त्यांनी जन्मभर लोकांना समजावलेलं. म्हणून त्यांनी परातीत पाणी भरलं आणि कुंड्या थेट त्यात उभ्या केल्या. ताईनं एकेक उचलून बाहेर काढली. "बुडं कुजतील. परातीत खडे घाल, पाणी खड्यांच्या खाली ठेव, कुंडी वर ठेव. पाण्याची वाफ लागली पाहिजे, पाणी नाही." परातीत खडे आले. काटा थोडा सरकला. ताईच्या मानानं तो सरकलाच नाही.

मग ओलवाल्यांच्यातला कारागीर जागा झाला. हवेत सोडलेलं पाणी जातं कुठं? फटींतून. त्यांनी ताईच्या खोलीच्या खिडकीच्या, दाराच्या, विजेच्या खटक्यांच्या सगळ्या फटी टेपनं बंद केल्या आणि आत किटली उकळत ठेवली. काटा ऐंशीला गेला. ओलवाले खूश. ताई मात्र खोलीतून बाहेर आली ती केस चिकटलेले, चष्मा पांढरा. पुढच्या दोन-तीन दिवसांत पानांवर काळे ठिपके आले आणि छताच्या कोपऱ्यात बुरशी धरली.

"त्यांना वारा पण लागतो रे," ताई म्हणाली. "कुणी सांगितलं होतं कोंडायला?"

"ओल निसटू नये म्हणून."

"अहो, तुम्ही ना एकतर बाहेर हाकलता नाहीतर कोंडून मारता," बायको म्हणाली. "मधलं काही येतं का तुम्हाला?"

मधलं म्हणजे बाहेरची खोली. तिथं खिडकी होती, उजेड होता, वारा खेळता होता. कुंड्या तिथं आल्या. ओलवाल्यांनी दोन भिंतींच्या मध्ये दोरी बांधली, चादरी ओल्या करून वाळत घातल्या आणि मागे पंखा लावला. चादरी सुकल्या की पुन्हा भिजवायच्या. काटा साठला टेकला आणि टिकला. मुळं हिरवी झाली. डब्यातलं मीठ पाणावलं, दार फुगून चौकटीत अडकायला लागलं, बायकोच्या टाचा मऊ झाल्या. तिनं हे कुणाला सांगितलं नाही. कोपऱ्यातल्या झाडाला एक कळी तेवढी शिल्लक होती. ती रोज थोडी फुगत होती. तिच्याबरोबर खिडकीशेजारची भिंतही फुगत होती.

त्याच आठवड्यात एका मोठ्या वसतिगृहाचे व्यवस्थापक येतो म्हणाले. पंचवीस न्हाणीघरं, सगळी गळकी. आधी तुमची ती प्रसिद्ध भिंत बघू, म्हणाले.

"तासाभरासाठी सगळं आत सरकवा," बायको म्हणाली. "चादरी काढा, भिंतीवर कॅलेंडर टांगा."

कॅलेंडर टांगण्याइतकं ओलवाल्यांचं मन धजावलं नाही. धंद्यातली ती सगळ्यात जुनी लबाडी. पण कुंड्या आत न्यायला लागले. कोपऱ्यातल्या कुंडीला हात घातला, तेव्हा ताई म्हणाली, "कळी असताना झाडाची जागा बदलली, की कळी टाकतं ते. बघ बाबा. तुझा धंदा आहे."

ओलवाल्यांनी कुंडी खाली ठेवली. नेलेल्याही परत आणल्या. चादर सुकली होती, ती भिजवून आणली.

व्यवस्थापक चादरींखालून वाकून आत आले. टकलावर एक थेंब पडला. भिंतीपाशी गेले, हात लावला. फुगवट्यात बोट गेलं आणि वीतभर पोपडा त्यांच्या बुटावर पडला.

"हे काय?"

"ओल," ओलवाले म्हणाले.

"कुठून येते?"

"मी आणतो."

व्यवस्थापकांनी त्यांच्याकडे बघितलं, कुंड्यांकडे बघितलं, टक्कल पुसलं. "कळवतो," म्हणाले. कळवलं नाही. दार अडकलं होतं म्हणून जातानाही त्यांना जरा वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेवटची कळीही खड्यांवर पडलेली होती. न हलवता. ओलवाले तिच्याकडे बघत उभे राहिले. ताई पाठीमागे कधी आली कळलं नाही. महिना संपायला आला होता आणि तेवढ्यात वृद्धाश्रमाचा फोनही आला. ताईनं घेतला. ओलवाले चादरीआड थांबून ऐकत राहिले.

"हो, मीच बोलतेय... नाही हो, झाडांचं काही खरं नाही. कळ्या सगळ्या गेल्या, दोघांना बुरशी आहे, एकाच्या पानाला भोकं पाडलीत आमच्याकडच्या एकानं... छे छे, येते कशी? ही असली आजारी झाडं गाडीत घालून कुठं हिंडवू? सुधारायला वर्ष जाईल... हो, देऊन टाका खोली दुसऱ्या कुणाला."

तिनं फोन ठेवला. ओलवाले चादरीआडून बाहेर आले.

"पंखा थोडा लांब ठेव," ताई म्हणाली. "कळीवर थेट झोत येत होता. तुला येवढंही कळू नये?"

"म्हणजे चादरी अजून वर्षभर का?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"भिजवतो," ओलवाले म्हणाले, आणि बादली घेऊन आत गेले.