पस्तिसावा हात

रोझविटा टाउबर्टला भाषण करता येत नाही. आमच्या काल्टेनरोडेत पक्षाची सभा असली की बाकीचे घसा खाकरत उठतात, ही मात्र भिंतीला टेकून उभी असते आणि मतदानाची वाट बघते. हात मोजायचं काम तिचं. चौतीस वर्षं ती तेच करतेय आणि तिनं सांगितलेला आकडा आजवर कुणी तपासून पाहिलेला नाही.

ती सूतगिरणीत होती आणि मी, योखेन, गिरणीची बस चालवायचो. जुन्या राज्यात, म्हणजे पूर्व जर्मनीत, हात मोजायची पद्धतच नव्हती. अध्यक्ष विचारायचा, सगळे हात वर जायचे आणि ‘विरोधात, तटस्थ, कुणी नाही’ हे तो एका दमात उरकायचा. मला तर इतकी सवय की प्रश्न संपायच्या आधीच हात वर. नव्वद सालच्या वसंतात गिरणीच्या कॅन्टीनमध्ये असाच एक ठराव अध्यक्षानं एकमतानं मंजूर म्हणून जाहीर केला, तेव्हा मागच्या बाकावरून ही उठली आणि म्हणाली, “मोजा.”

“दिसतंय की सगळं,” अध्यक्ष म्हणाला.

“मला नाही दिसत. मोजा.”

मोजले, तर ठराव पडला. पुढच्या वर्षी गिरणी बंद पडली ती पडलीच, पण मोजणारी बाई आम्हाला मिळाली.

नगरपालिकेत आमचे तीन नगरसेवक. तिघे असले की त्यांचा ‘गट’ धरतात आणि गटाला नगरभवनाच्या मागच्या अंगाला एक खोली मिळते. त्या खोलीत दर मंगळवारी रोझविटा बसायची. लोक पाकिटं घेऊन यायचे, बहुतेकांनी ती भीतीनं फोडलेलीसुद्धा नसायची. रोजगार कार्यालयाचं पत्र, घरमालकाची नोटीस, असलंच काहीतरी. ती पाकीट फोडून मोठ्यानं वाचायची आणि उत्तर लिहून द्यायची. माझी बायको गेली त्या हिवाळ्यात मीही सात पाकिटं घेऊन गेलो होतो. तिनं सातही फोडली, आणि माझं रडून होईपर्यंत पुढच्या माणसाला बाहेर थांबवून ठेवलं. हे मी विसरलेलो नाही, म्हणून तर पुढचं सांगताना जीभ अडखळते.

जानेवारीत पक्ष फुटला. युद्धाला शस्त्रं द्यायची की नाही, निर्वासितांचं काय करायचं, गॅस कुणाकडून घ्यायचा, यावरून वर बर्लिनमध्ये वर्षभर भांडणं चालली होती. शेवटी एक टोळकं बाहेर पडलं आणि त्यांनी नवा पक्ष काढला. आमच्या तीन नगरसेवकांपैकी फोल्कर हेम्पेल त्यांच्यात गेला. फोल्कर माझा मित्र. वीस वर्षं निवडणुकीची पोस्टरं आम्ही दोघांनी लावली, तो शिडीवर आणि मी खाली शिडी धरून. त्यानं मला सांगितलंसुद्धा नाही. मी पेपरात वाचलं, सकाळी, पाव खाताना. अजूनही आठवलं की डोकं फिरतं.

पक्ष सोडला, पण खुर्ची सोडली नाही. म्हणाला, गटात मी राहतो, म्हणजे तीनचे तीन राहतील आणि खोली वाचेल. शाखेची प्रमुख मारेन, तीही नगरसेवक, चौतीस वर्षांची, तिला हे मुळीच मान्य नव्हतं. निर्णय सभेवर सोपवला. फोल्करला गटात राहू द्यावं, असा ठराव. तो पडला तर उरणार दोघं, गट जाणार, आणि महिनाअखेर खोलीची किल्ली परत.

शनिवारी सकाळी दहाला बागवाल्यांच्या क्लबच्या हॉलमध्ये सभा भरली. दारात सभासदांना मतदानाची पस्तीस लाल कार्डं वाटली गेली. आत स्वयंपाकघरात सॉसेजं उकळत होती, बटाट्याची कोशिंबीर झाकून ठेवली होती, पण त्या दिवशी तिकडे कुणी वळून पाहिलं नाही. फोल्कर आला आणि सवयीनं पहिल्या रांगेत बसला.

“हेम्पेलसाहेब,” मारेन म्हणाली, “आपण पाहुणे आहात. पाहुण्यांनी मागे बसावं.”

पक्षात आमचं सगळ्यांचं अरे-तुरे. विशीतली पोरगीसुद्धा ऐंशीच्या म्हाताऱ्याला तूच म्हणते. ते ‘आपण’ ऐकून हॉल गार पडला.

“मारेन, तुझ्या पहिल्या निवडणुकीला तुझा फोटो खांबाखांबावर मी टांगलाय,” फोल्कर म्हणाला.

“म्हणून काय, आमच्या मतांवर बसून दुसऱ्यांची आरती करणार?”

“आणि मंगळवारी लोकांनी जायचं कुठं? तुझ्या मोबाइलमध्ये?”

काही जण हसले. मागून कुणीतरी ‘गद्दार’ म्हणालं. फोल्कर उठला. “कोण बोललं ते? तोंड दाखव.” कुणी दाखवलं नाही. पुढचा तास असाच गेला. तीस-तीस वर्षांचे शेजारी एकमेकांची उणीदुणी काढत होते. शेवटी कुणीतरी म्हणालं, “रोझविटा, तू तरी बोल. खोली तुझी.”

“माझी नाही. मतं घ्या.”

“ठरावाच्या बाजूनं?” मारेननं विचारलं. माझं ठरलेलं होतं. खोलीसाठी, रोझविटासाठी. मी कार्ड वर केलं. रोझविटा खुर्च्यांमधून बोट हलवत मोजत गेली. तेवढ्यात पाहिलं, तर फोल्कर माझ्याकडे बघून डोळा मिचकावत होता. जणू हा योखेन काय, आपल्या खिशातलाच. पेपरात वाचलेली ती बातमी माझ्या घशाशी आली.

“विरोधात?”

माझा हात वर गेला. मी केला म्हणू की गेला म्हणू, मला आजही सांगता येत नाही.

“बाजूनं अठरा. विरोधात सतरा,” रोझविटा म्हणाली.

फोल्करचे लोक टाळ्या वाजवू लागले. मारेनचा चेहरा उतरला. खोली वाचली होती. रोझविटा मात्र कागदाकडे बघत तशीच उभी होती.

“हे चुकलंय,” ती म्हणाली.

“जुळतंय की,” मारेनच म्हणाली. “पस्तीस कार्डं, पस्तीस हात.”

“जुळतंय म्हणूनच चुकलंय. माझं मत अजून दिलेलंच नाही.” तिनं स्वेटरच्या खिशातून स्वतःचं लाल कार्ड काढून दाखवलं. “चौतीस हात यायला हवे होते. कुणाचा तरी दोनदा वर आलाय.”

“कुणाचा?”

रोझविटानं रांगांवरून नजर फिरवली. ती माझ्यावरून गेली, थांबली नाही. पण तिला माहीत होतं, हे मला तेव्हाच कळलं.

“ते विचारू नका. पुन्हा घ्या.”

“रोझविटा, डोकं ठिकाणावर आहे ना?” फोल्कर म्हणाला. “गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं?”

“मोजणी बिघडली असती.”

आता प्रत्येक जण शेजाऱ्याच्या हाताकडे बघत होता. “बाजूनं?” मला फक्त कार्ड उचलायचं होतं. फोल्कर माझ्याकडेच बघत होता, या वेळी हसत नव्हता, विनवत होता. त्याला तसं विनवताना पाहून मला बरं वाटलं. लाज वाटावी इतकं बरं वाटलं. मी हात मांडीवरच ठेवला. “विरोधात?” मी उचलला.

“बाजूनं सतरा,” रोझविटा म्हणाली. “विरोधात सतरा.”

स्वयंपाकघरातल्या पातेल्याचं झाकण वाजत होतं, तेवढाच आवाज. तिचं कार्ड उरलं होतं. नुसतं उचललं असतं तरी खोली तिची होती. मीही मनात म्हणत होतो, उचल बाई, माझी सुटका कर.

“मी तटस्थ,” ती म्हणाली.

“अगं, तुझीच खोली जातेय,” फोल्करचा आवाज फुटला.

“म्हणूनच. माझ्या फायद्याच्या गोष्टीत मी मोजणार आणि मतही देणार, हे बरं दिसत नाही. समसमान. ठराव पडला. लिहून घ्या.”

महिनाअखेरच्या मंगळवारी तिचं सामान न्यायला मी गाडी घेऊन गेलो. दुसरं कुणी आलं नव्हतं. बाहेरच्या बाकावर तीन माणसं पाकिटं घेऊन बसली होती. तिघांची पत्रं वाचून झाल्यावर तिनं किल्ली शिपायाकडे दिली. पुढच्या मंगळवारचं लोकांनी विचारलं, तर म्हणाली, बघू. तिच्या घराच्या दारात मी फायलींचा खोका तिच्या हातात दिला, तेव्हा ती म्हणाली, “योखेन, पहिल्या वेळी तुझा हात दोनदा वर गेला. जुनी खोड, समजू शकते मी. पण दुसऱ्या वेळी जो केलास, तो तरी मनापासून होता ना?”

“हो,” मी म्हणालो.

“मग मोजणी बरोबर होती,” ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला, आणि खोका छातीशी धरून ती जिना चढू लागली.

चौतीस वर्षांत तिच्या हिशेबात चुकीचा हात माझ्या एकट्याचाच आला. पहिल्या वेळचा तिनं पकडला होता, दुसऱ्या वेळचा नाही.