तुटलेल्या नदीची मरळ

आमच्याकडे नदी आटत नाही, तुटते. वाळूच्या एखाद्या चढावर धार बारीक होत जाते, मग एक दिवस ती दिसेनाशी होते, आणि वर एक डोह, खाली एक डोह असे नदीचे तुकडे उरतात. त्या दिवशी गरीवाले, म्हणजे गळ टाकून बसणारे, एकमेकांना सांगतात, "तुटली." पुढं काही बोलावं लागत नाही. नदी तुटली की गरी घरी नेऊन आढ्याला टांगायची, असा आमचा कायदा होता. डोहात कोंडलेल्या माशाला पळायला वाट नसते, त्याला धरण्यात कसली आली मर्दुमकी? शिवाय पुढचं बियाणंही तोच. पाऊस आला, डोहाला डोह जुळला, की मग खुशाल बसा.

हा कायदा ज्यांनी मला शिकवला त्यांना मी काकाजी म्हणायचो. नात्यातले नव्हते. पवनीतले जुने विणकर, माग बंद करूनही बरीच वर्षं झालेली, पण बोटं शेवटपर्यंत सुतावरचीच राहिली. गरीच्या दोऱ्याला त्यांनी मारलेली गाठ नखाला लागायची नाही. मी कोंढ्याच्या शाळेत मास्तर, राहायला पवनीत. जाता-येता वाटेत ही लहान नदी लागते, तिथंच आमची ओळख झाली. काकाजी, मी, एक शिंपी आणि एक निवृत्त कंडक्टर असे आम्ही चौघं रविवारी सकाळी तिथल्या जांभळाखाली गरी टाकून बसायचो. बोलणं कमी, चहा जास्त.

लोक विचारायचे, एवढी मोठी वैनगंगा सोडून या ओढ्यावर काय ठेवलंय? गोसीखुर्दचं धरण झाल्यापासून वैनगंगा भरलेलीच असते. पुलावरून बघणाऱ्याला वाटावं, या तालुक्याला पाण्याची काय कमी. पण ते पाणी उभं असतं, हिरवं पडतं, वास मारतं. तिथला मासा नाववाल्यांचा, जाळीवाल्यांचा, त्यांचं पोट त्यावर. हौशी माणसानं तिथं लुडबुड करू नये. आणि काकाजी म्हणायचे, उभ्या पाण्याचा मासा खायचा तर शिळं अन्न काय वाईट!

त्या वर्षी मृगात बरा पाऊस झाला. नदी जुळली, आम्ही दोन रविवार बसलो. लोकांनी धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, टाकले. आणि मग पाऊस जो गेला तो गेलाच. पऱ्हे पिवळे पडले, रोवणी थांबली, नदी भर पावसाळ्यात तुटली. चहाच्या टपरीवर बसलेली माणसं बोलता बोलता वर बघायची. शिंपी मला म्हणायचा, "गुरुजी, ढगायची हजेरी घ्या ना एकदा, रोजच गैरहजर राहून राहिले." हसायचो, पण हळूच. ज्याचं अख्खं वर्ष धानाच्या बांधीत वाळतंय त्याच्या शेजारी बसून आम्ही माशांसाठी पाऊस मागायचा, याची लाज वाटायची. म्हणून गरीवाले पावसाबद्दल आपसातच बोलायचो, आणि तेही आवाज खाली करून.

काकाजी दोन रविवार आले नाहीत. गरी टांगलेली असताना येऊन तरी काय करणार, असं मला वाटलं. मग एका दुपारी शाळेतून परतताना खालच्या डोहावर कुणीतरी उकिडवं बसलेलं दिसलं. गरी पाण्यात होती. स्कूटर थांबवून पाहतो तर काकाजी.

परीक्षेत कॉपी सापडल्यावर मास्तराला जे होतं ते मला झालं. पलीकडे दोन म्हशीवाले बसले होते, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणालो, "वा काकाजी! लोका सांगे ब्रह्मज्ञान!"

म्हशीवाले फिदीफिदी हसले. काकाजींनी गरी बाहेर ओढली, दोरा काठीला गुंडाळला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बरोबर हाये तुमचं, गुरुजी." मग वाळूतून चालत गेले. मी त्यांना स्कूटरवर बसा म्हणालो नाही.

जिभेला हाड नसतं, मास्तराच्या तर नसतंच. दोन दिवस मी स्वतःवर खूश होतो. तिसऱ्या दिवशी शिंप्याच्या दुकानात तिखट-मीठ लावून ही गोष्ट सांगितली. तो मशीन चालवत राहिला. माझं सांगून झाल्यावर त्यानं पाय थांबवला.

"तुमाले मालूम नाई का? काकू चालल्या, गुरुजी. नागपूरहून घरी आनलं त्यायले. डॉक्टरनं हात टेकले. आठ दिवसापासून पोटात काई नाई. मरळीचा रस्सा मांगते मने. लेकानं धरनाची आनून देली, त तोंडात घेऊन थुकली. चिखल लागते मने."

मरळीला काटे कमी, म्हणून आजाऱ्याला आमच्याकडे मरळच देतात, हे मला शेंबड्या पोराइतकं ठाऊक होतं. पण डोहावर बसलेल्या म्हाताऱ्याला काहून बसलात, एवढं विचारायचं मला सुचलं नव्हतं. मी तसाच उठलो.

काकाजींच्या घरात पूर्वी मागाचा खड्डा होता. तो बुजवून तिथंच काकूंची खाट टाकली होती. त्या झोपल्या होत्या, चादरीखाली कुणी आहे की नाही असं वाटावं एवढ्या राहिल्या होत्या. मी काकाजींना अंगणात घेतलं.

"मले माफ करा, काकाजी. उद्या बसा डोहावर. मी येतो संगं."

"नाई जी," ते म्हणाले. "तुमी टोकलं ते बरं केलं. बुद्धी फिरली होती माही. अन् तिले समजलं त तोंडात बी घेनार नाई. तिले बी मालूम हाये कायदा. आता पानी येऊ द्या."

मी खूप समजावलं. ते ऐकेनात. ज्या माणसाला मी दोन म्हशीवाल्यांसमोर लाज आणली होती, तो आता माझ्या परवानगीनं कायदा मोडणार नव्हता. म्हणजे दार मी लावलं होतं आणि किल्ली आभाळाकडे होती. पाऊस आला, नदी जुळली, तरच काकूंच्या तोंडात तो घास पडणार होता, आणि त्यांच्याकडे दिवस फार नव्हते.

पुढचे चार दिवस मी आयुष्यात बघितलं नव्हतं एवढं वर बघितलं. मोबाइलवर ढगांची चित्रं बघायचो. नागपूरकडून काळं भरून यायचं, वारा सुटायचा, वर्गातली पोरं खिडकीकडे पळायची, आणि दहा मिनिटांत ऊन. एकदा तर चार थेंब पडले, पटांगणातली माती नुसती वास मारून गप्प झाली. मला ढगांचा राग यायचा. देवाचाही यायचा. वर्गात कारण नसताना मी दोघांना मारलं, हेही इथं कबूल करतो. शाळेच्या कुंपणापलीकडे एक शेतकरी रोज बांधावर येऊन पऱ्ह्याकडे बघत उभा राहायचा. त्याला रोपांच्या हजार जुड्यांसाठी पाऊस हवा होता, मला एका माशासाठी, आणि खरं सांगायचं तर त्यातही अर्धा माझी चूक धुऊन काढण्यासाठी.

पाचव्या दिवशी पहाटे मी उठलो. गांडुळंसुद्धा जमिनीत खोल गेली होती. ओल होती ती फक्त आमच्या न्हाणीच्या सांडपाण्यापाशी. तिथं उकरायला लागलो तर बायको दारात येऊन म्हणाली, "कायदा संपला वाटते." डब्यात पाच-सहा गांडुळं घेतली आणि डोहावर गेलो.

पाणी गुडघाभर राहिलं होतं. मरळी हवा घ्यायला वर येत होत्या, त्यांची तोंडं दिसत होती. गरी टाकली आणि बिडी ओढून होते न होते तोच लागली. हातभर मरळ. मासा लागल्याचं एवढं वाईट मला कधीच वाटलं नव्हतं. ओल्या पोत्यात गुंडाळून तिला काकाजींकडे नेलं.

"तलावातली हाये," मी म्हणालो. "वळखीच्या मानसानं देली."

काकाजींनी मरळ उलटी केली. तलावाच्या गाळातली मरळ काळीशार असते, वाळूच्या डोहातली फिकी. हे मला त्यांनीच शिकवलं होतं आणि खोटं बोलायच्या घाईत मी ते विसरलो होतो. त्यांनी पोट बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग सुनेला हाक मारली, "बाई, चूल पेटव. ग्यासवर नोको करू."

मी शाळेत सुटीचा फोन केला आणि बसून राहिलो. उन्हं चढली. वरचा पत्रा तापून तडतडायला लागला. सुनेनं काकूंना उशीला टेकवून बसवलं, वाटीतला रस्सा चमच्यानं पाजला. पहिला चमचा त्यांनी तोंडातच धरून ठेवला. आम्ही तिघं त्यांच्या गळ्याकडे बघत होतो. मग तो खाली उतरला. सुनेनं भातात कालवून माशाचे दोन घास दिले, तेही गेले.

"नदीची हाये," काकू म्हणाल्या. पंधरा दिवसांत त्या इतकं स्पष्ट बोलल्या नव्हत्या म्हणे. मग काकाजींकडे वळून म्हणाल्या, "नदी जुळली का जी?"

काकाजी जमिनीकडे बघत राहिले. त्या माणसाला खोटं बोलायची सवय नव्हती. काकूंनी माझ्याकडे बघितलं. "गुरुजी, पानी आलं?"

"आलं ना काकू," मी म्हणालो. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मला मेल्याला प्रश्नाचं उत्तर एका शब्दात कधी देता आलंय! "वरच्या गावायकडून आलं, राती. दोन्ही काठ भरून चाल्ली नदी. मासा चढून राहिला."

काकूंचा चेहरा उजळला, हे मी डोळ्यांनी बघितलं. मला वाटलं, जमलं. मग त्या काकाजींना म्हणाल्या, "मंग तुमी इथं कायले बसून हा?"

नदी नुसती जुळली तर काकाजी चार दिवस पाणी निवळायची वाट बघायचे. पण काठ भरून आली की मासा वर चढतो, आणि तो दिवस त्यांनी कधी चुकवला नव्हता. माग चालू होता तेव्हाही काकू स्वतः धोटा बाजूला ठेवायला लावून त्यांना घराबाहेर काढायच्या, हे त्यांनीच आम्हाला हसत हसत सांगितलं होतं.

"राहू दे आज," काकाजी म्हणाले.

"राहू दे कायले? पंधरा दिवसाचे माह्या तोंडाकडे पाहून राहिले. बाई, गरी काढून दे यायले. गुरुजी, तुमी घेऊन जा."

न जावं तर त्यांना कळलं असतं. सुनेनं आढ्याची गरी काढून काकाजींच्या हातात दिली. ते खाटेपाशी थोडे थांबले, काकूंच्या कपाळावर हात ठेवला, आणि बाहेर आले. मी स्कूटर काढली. मागं काकाजी काठी उभी धरून बसले. भर उन्हात, कोरड्या रस्त्यानं, आम्ही दोघं मासे मारायला निघालो होतो, आणि वाटेत ज्यांनी पाहिलं त्यांना आम्ही वेडे वाटलो असू.

नदीत पांढरी वाळू होती. जांभळाखाली बसलो. काकाजींनी गरीचा दोरा सोडला नाही.

"किती वेळ बसाचं?" मी विचारलं.

"तासभर त बसा लागन. मी तासाच्या आत कधी आलोच नाई. तिले शंका येईन."

आम्ही तास मोजत बसलो. मी मोबाइलमध्ये वेळ बघत होतो, तेवढ्यात तो हातातच वाजला. सून होती. ती नुसती रडत होती. मी काही सांगायच्या आधी काकाजी उभे राहिले होते.

आम्ही पोचलो तेव्हा काकू गेल्या होत्या. सून म्हणाली, "निघाले का ते, येवढंच इचारलं. हाव म्हनलं. मंग डोये लावले."

पाऊस आला तो काकू गेल्यानंतर नवव्या दिवशी. रात्रभर कोसळला, सकाळीही थांबला नाही. रोवणी सुरू झाली. लहान नदी खरोखर दोन्ही काठ भरून निघाली. शिंपी आणि कंडक्टर गरी घेऊन गेले, मलाही बोलावणं आलं. मी काकाजींकडे गेलो. ते दारात बसून पत्र्यावरून पडणारं पाणी बघत होते. मी शेजारी बसलो. सुनेनं चहा आणून दिला, तो दोघांचाही निवला.

मग काकाजी बोलले. आवाजात राग नव्हता, एखादी गाठ कुठं चुकली ते विचारावं तसं त्यांनी विचारलं.

"गुरुजी, दोन्ही काठ कायले म्हनलं जी? नुसती जुळली म्हनले असते, त तिनं मले धाडलं नसतं."